तेलीबागचे मौनीबाबा

माझ्या दिराला लोकांनी बाबा करून टाकलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेलीबागच्या हनुमानाच्या देवळात पिंपळाचा पार आहे, त्यावर धनंजय रोज सकाळी जाऊन बसायचा. बोलत तो जन्मात नाही. माझ्या लग्नात सात वर्षांचा होता, त्यामुळे भावजी वगैरे कधी जमलंच नाही. सासूबाई गेल्या आणि ह्यांच्या फौजेतल्या बदल्यांबरोबर तोही आमच्यामागून गावोगाव फिरला. हे सुभेदार होऊन निवृत्त झाले, आम्ही इथंच लखनौला घर बांधलं, आणि छत्तीस वर्षांचा धनंजय पारावर बसून झेंडूची पिवळी फुलं एकीकडे, केशरी एकीकडे करू लागला. बोलत नाही म्हणजे मौन. आरतीला कानांवर हात ठेवतो म्हणजे अनाहत नाद ऐकतोय. कुणाच्या नजरेला नजर देत नाही म्हणजे संसारावर पाणी सोडलंय. अहो, वरण भाताला लागलं तरी ताट सारणारा माणूस, कसला डोंबलाचा संन्यासी!

मी कऱ्हाडची. मला असली थोतांडं खपत नाहीत. हे म्हणायचे, "राहू दे गं सरला. देवळातले पंडितजी दुपारी पुरी-सब्जी खायला घालतात, रिक्षावाले लक्ष ठेवतात. आपल्याला मूलबाळ नाही. आपल्यामागे त्याला निदान तो पार तरी आहे." हेच तर माझ्या जिवाला लागलेलं होतं, आमच्यामागे याला कोण. म्हणून मी गप्प बसत होते.

मग गेल्या मार्चात, मी माहेरी असताना, त्याची दाढ सुजली. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. तो पाण्यालाही तोंड लावीना, तर लोकांनी त्याच्यापुढे नारळ ठेवले. बाबांनी व्रत धरलंय म्हणे. ह्यांना वाटलं, देवळात जेवून येतोय, गालाला गांधीलमाशी चावली असेल. मी परतले तेव्हा गाल फुगून त्याचा डोळा मिटला होता, अंग तापानं फणफणलेलं, आणि बायका ओळीनं पाया पडत होत्या. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना हाकलून मी त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस उशीर झाला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी ऑटिझम हा शब्द काढला. दिल्लीच्या एका संस्थेच्या दीप्ती मॅडम वस्तीवस्तीतल्या पुढाऱ्यांना याचं ट्रेनिंग देतात, असंही कळलं. पीसीओवरून फोन करकरून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले आणि त्यांना इथं आणलंच. वॉर्डातून निवडून आलेले रस्तोगीजी, चौकीचे दरोगा, शाळेचे हेडमास्तर, मशिदीचे मौलवीसाहेब आणि आमचे पंडितजी, सगळ्यांच्या दारात स्वतः जाऊन बोलावणं केलं.

मला वाटलं होतं, समोसे खाऊन जातील. पण बारातघराच्या, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयाच्या, हॉलमध्ये सगळे दिवसभर मन लावून ऐकत होते. शेवटी पंडितजींनी हात वर केला. "तो मैडम, यह तपस्या नहीं है?"

"नहीं," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "ये पैदाइश से ऐसे हैं। इन्हें पूजा नहीं, आपकी समझ चाहिए।"

मागच्या खुर्चीवर बसून मी मान डोलावली. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

दुसऱ्याच दिवशी पंडितजी धनंजयला घेऊन दारात उभे. शिकवलं होतं तसं, हात न लावता, आपण पुढे चालत आणलं होतं. "बहनजी, बीमार आदमी को हम लोग धूप में बिठाए रहे। बड़ा पाप हुआ। इनका इलाज कराइए।"

मी म्हटलं, "इसका इलाज नहीं होता, मैडम ने बताया था न।"

"अच्छा, तब तो घर में ही ठीक हैं," ते म्हणाले आणि नमस्कार करून गेले.

कुणी वाईट वागलं असतं तर मी कंबर कसून भांडले असते. रस्तोगीजी घरी येऊन विचारपूस करून गेले. धनंजय दिसला की सांभाळून घरी पोचवायचं, असं दरोगांनी शिपायांना सांगून ठेवलं. कालपर्यंत पाया पडणाऱ्या बायका आता पोरांना त्याच्यापासून बाजूला ओढतात आणि माझ्याकडे बघून हळहळतात. तो रोज सकाळी पाराकडे जायचा, रोज कुणीतरी परत आणायचं. परत आणलं की तो स्वतःचं मनगट चावायचा. मनगट सोलून निघालं तेव्हा ह्यांनी दाराला कुलूप आणलं. मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

काल मी देवळात गेले आणि देवासमोर धडधडीत खोटं बोलले. "पंडितजी, ट्रेनिंगवालों से भूल हुई। इसने बचपन में मौन लिया था, हमारे गाँव के महाराज से। इसे बैठने दीजिए।"

पंडितजी रागावले नाहीत. त्यांनी मला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, घरवालों को मानने में समय लगता है। ट्रेनिंग में बताया था। मन भारी हो तो आप यहाँ आकर बैठ जाया कीजिए।"

त्यांच्या मागं पार दिसत होता. धुऊन स्वच्छ केलेला, रिकामा. मी पाणी पिऊन उठले.

घरी येऊन कुलूप काढलं तर धनंजय चपला घालून दारामागेच उभा होता. मी आत शिरले आणि कुलूप पुन्हा लावलं.