पाचवं मत

सुलोचनाबाई मेश्राम सडक अर्जुनीच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि गोंदियाच्या एका खासगी दवाखान्याच्या नीतिसमितीवर 'सामान्य माणूस' म्हणून जाऊन बसल्या. रोग्यांवर नवं औषध वापरून पाहायचं तर या समितीची परवानगी लागे, आणि पाचांत एक तरी डॉक्टरकी न शिकलेला माणूस नसला तर बैठकच भरत नसे. बाईंनी तिथं कोणाची भीडभाड ठेवली नाही. एका नामांकित डॉक्टरला, त्याच्याच पेशंटचा विषय निघाला तेव्हा, त्यांनी सरळ खोलीबाहेर बसवलं होतं.

२००९ साली स्वाइन फ्लू आला आणि समितीच्या बैठका फोनवर होऊ लागल्या. त्याच आठवड्यात बाईंनाही ताप भरला. त्याच दवाखान्याच्या वेगळ्या वॉर्डात त्यांना ठेवलं, दाराला बाहेरून कडी. शेजारच्या खाटेवर गोरेगावची भूमेश्वरी होती, दोन लेकरं सासूजवळ सोडून आलेली. गोळ्यांनी तिचा ताप हटेना, दम वाढत चालला होता. नव्या इंजेक्शनची पेटी खाली फ्रिजमध्ये येऊन पडली होती, अडलं होतं ते समितीच्या परवानगीवाचून.

समितीचे सचिव डॉ. धनेंद्र पटले यांनी बैठकीआधी बाईंना फोन केला.

"बाई, तुमी कुठून बोलून राहिल्या ते कोणी विचारणार नाही. पाचवं मत तुमचंच आहे. फक्त हो म्हणा."

बाईंचा जीव कात्रीत सापडला. मंजुरी मिळाली तर तेच इंजेक्शन उद्या त्यांच्याही दंडात जाणार होतं. आपल्याच औषधाला आपणच मत द्यायचं? आणि नाही दिलं, तर ही शेजारची? बाई घाबरल्या होत्या, मरणाला आणि त्याहून जास्त स्वतःला.

फोन जोडले गेले. चौघांनी होकार दिला. अध्यक्षांनी बाईंचं नाव घेतलं.

"मी याच वॉर्डात पेशंट आहे," बाई म्हणाल्या. "माझं मत धरता येणार नाही."

पटलेंचा सुस्कारा फोनवरही ऐकू आला. बाईंचं बरोबर आहे, अध्यक्ष म्हणाले; आता त्यांच्या जागी डॉक्टर नसलेला नवा सदस्य नेमायचा, कागद फिरवायचे, आठ दिवस तरी जातील.

भूमेश्वरी कोपरावर उठली. "काय म्हनले, बाई? औषध येऊन राहिलं ना?"

"आठ दिवस लागतील. माझ्यामुळं थांबलं." बाईंनी काहीच न लपवता तिला सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग दम खात म्हणाली, "चूप राह्यल्या असत्या तं कोनाले कळलं असतं? काऊन बोलल्या तुमी?"

बाईंनी कूस बदलली, तर पुढ्यात भिंत. परत वळल्या, तेव्हा भूमेश्वरी अजून त्यांच्याकडेच बघत होती.