सिस्टर बेनिग्नांचा एकच शब्द

सुमेधा कळव्याला राहायची. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. ठाण्यात कोपरीला कॅथलिक नन्सचा एक मठ आहे, हे तिला तिथल्या प्रमुख मदर क्लेमेंशियांचा फोन आला तेव्हाच कळलं. या नन्स ना शाळा चालवायच्या ना दवाखाना. बंद दाराआड राहून प्रार्थना करायच्या. त्यांच्यातल्या वयस्कर सिस्टर बेनिग्नांना झटका आला होता आणि आता त्यांना एकच शब्द बोलता येत होता.

"येशू," पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या. सुमेधाने पेला दाखवला. "येशू." खिडकी दाखवली. "येशू." मानेखालची उशी टोचत होती, तेव्हाही कळवळून तेच.

बाहेर आल्यावर मदर हळू आवाजात म्हणाल्या, "भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्या मनात हेच नाव घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, आता मी घेतच नाही, तो स्वतःच माझ्यात बोलतो. आम्हाला वाटतं, बाकी सगळं नेऊन देवाने तेवढंच ठेवलं."

"असं बऱ्याच पेशंटना होतं, मदर," सुमेधाने खरं ते सांगितलं. "एखादाच शब्द अडकून बसतो. माझे एक पेशंट सगळ्याला 'मंगळवार' म्हणायचे."

"त्यांना आधीपासून मंगळवार इतका प्रिय होता का?" मदरनी अगदी मनापासून विचारलं.

सुमेधाने काम सुरू केलं. सिस्टरचा हात हातात घेऊन ठेका धरायचा आणि शब्द सुरात म्हणायचा. बरेच आठवडे काही हललं नाही. मग एका दुपारी सिस्टर स्पष्ट म्हणाल्या, "पाणी." दारात उभ्या असलेल्या मदरचे डोळे भरून आले. पुढे 'भात' आला, 'खिडकी' आली, 'दुखतंय' आलं.

आणि ते नाव कमी कमी होत गेलं. एकदा मदरनी भिंतीवरचा क्रूस काढून त्यांच्यासमोर धरला. "हे कोण, सिस्टर?"

सिस्टरनी ओठ जुळवले, खूप प्रयत्न केला. "खिडकी," त्या म्हणाल्या.

मदरनी क्रूस परत भिंतीवर लावला. तो सरळ बसायला वेळ लागला.

इतर शब्द परतले की अडकलेला शब्द कधी कधी सुटतो, हे सुमेधाला माहीत होतं. तरी घरी तिला जेवण जाईना. "अगं, बाई सुधारतेय ना?" तिचा नवरा मुकुल म्हणाला. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मी त्यांना काही दिलं की त्यांच्याकडून काही काढून घेतलं, तेच कळत नाहीये."

पुढच्या खेपेला सिस्टर मठातल्या चॅपलमध्ये, प्रार्थनेच्या खोलीत, व्हीलचेअरवर एकट्याच होत्या. चेहरा शांत होता. पण त्याची एक बाजू लुळी पडलेली, त्यामुळे ती शांती खरी की कसं, तेही सांगता येईना. सुमेधा त्यांच्यापाशी बसली. "सिस्टर, ते नाव परत हवंय का? आपण त्याचाच सराव करू."

सिस्टरनी बराच वेळ घेतला. "नको."

सुमेधा गोंधळली. अशा पेशंटची हो-नकोमध्ये गल्लत होते. तिने पडताळून पाहिलं. "तुम्ही सिस्टर बेनिग्ना ना?"

"हो."

"आपण आत्ता कल्याणला आहोत?"

"हो," सिस्टर तितक्याच ठामपणे म्हणाल्या आणि पुन्हा वेदीकडे बघू लागल्या.

दाराबाहेर मदर थांबल्या होत्या. "काय म्हणाल्या?"

"नको म्हणाल्या. पण हो म्हणायचं असतं तरी कदाचित नकोच म्हणाल्या असत्या."

"नाव नको, की नावाची आता गरज नाही?"

"मला खरंच माहीत नाही, मदर."

"मलाही नाही," मदर म्हणाल्या. "तुम्ही येत राहा."

सुमेधा जात राहिली. तिने 'उशी' शिकवली, 'ऊन' शिकवलं. ते नाव सरावात घेतलं नाही. ते बरोबर की चूक, हे तिला ठरवता आलं नाही. काम झालं की ती सिस्टरना चॅपलमध्ये नेऊन बसवायची आणि स्वतःही मागच्या बाकावर थोडी टेकायची. हात जोडावेत की नुसते मांडीवर ठेवावेत, एवढंही तिला कळायचं नाही.