गवताचा कठडा

अकरा पावलं.

साग दरवर्षी खोडाला एक कडं चढवतो.

चादर, आजची तिसरी.

बांबू जमिनीतून वर येतो तो पुऱ्या जाडीचाच. पुढे नुसता लांबतो.

दीड इंची खिळे, मूठभर.

अकरा पावलं म्हणजे पलंगापासून संडासापर्यंत. दोन महिने झाले, सासूबाईंना मी उचलून नेते, नाहीतर चादर बदलते. "एकदा तरी माझी मी जाऊन येऊ दे गं," एवढंच त्यांचं मागणं. भिंतीला धरायला कठडा हवा होता.

सासरे सुतार. सागाची फळी रंधायला घेतली, पण हात आता थरथरतो. चार दिवसांत वीतभर काम. मी बांबूच्या शिड्या करते. त्यातलाच एक बांबू आणला.

"हे गवत," ते म्हणाले. "गवताच्या आधाराने माणूस चालतं होय?"

"बाबा, आधी भोक पाडा, मग दोरीने भिंतीच्या खुंट्यांना बांधू. खिळा नको."

"सूनबाई, तू रांगतही नव्हतीस तेव्हापासून खिळे ठोकतोय."

चादर भिजत पडली होती. मी मोरीत गेले. मागे हातोडा सुरू झाला.

लाकूड खिळा पचवतं. बांबूचे सगळे धागे एकाच दिशेने. एकदा फट पडली की ती थांबत नाही.

दुपारी सासूबाई निघाल्या. आम्ही दोघं मागे, हात न लावता. सातव्या पावलाला बांबू उभा फाटला. मी कमरेला धरलं म्हणून पडल्या नाहीत. तळहातात कुसळ घुसलं.

"अहो," कुसळ काढून घेताना त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "चारच राहिली होती."

सासरे फाटलेला बांबू चाचपत बसले. मग मला म्हणाले, "दुसरा आहे?"

"आहे."

"भोक कुठं?"

"पेराच्या गाठीजवळ."

ड्रिल मी धरलं, बांबू त्यांनी. "ठोकणारा हात गेला," ते म्हणाले, "धरणारा आहे अजून. बांध घट्ट."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अकरा पावलं गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही दोघं दाराबाहेर.

"पहारा कसला देताय?" आतून आवाज. "जा की आपापल्या कामाला!"

सासरे भिंतीला टेकून खाली बसले. मीही बसले.

काल पहिला खिळा ठोकला तेव्हाच बांबू बारीक करकरला होता. त्यांनी तिथं, मी मोरीत, आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.