नमुन्याची सही

सही जुळत नाही, असे बँकेच्या अधिकारी बाईंनी दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा सिस्टरांनी पेन टेबलावर ठेवले आणि तळहात रुमालाला पुसला. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे धाकटे दीर बसले होते. इतका वेळ ते भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होते. आता त्यांनी मान वळवली.

काम तसे साधे होते. सिस्टरांचे यजमान नुकतेच वारले होते. खाते दोघांच्या नावावर, घरही दोघांच्या नावावर. घराचे कर्ज केव्हाच फिटले होते, पण मूळ कागद अजून बँकेच्या तिजोरीतच पडून होते. मृताचे नाव कमी करून खाते पुढे चालू ठेवायचे आणि घराचे कागद ताब्यात घ्यायचे, एवढ्यासाठी अर्जावरची सही बँकेकडे असलेल्या नमुन्याच्या सहीशी जुळायला हवी होती.

दिरांचे टायरचे दुकान होते आणि त्यांचेही खाते याच शाखेत होते. वहिनींना सोबत म्हणून आलो, असे ते सांगत. घराच्या पहिल्या हप्त्यात वडिलांचे पैसे होते, तेव्हा दादाच्या अर्ध्या भागात आपलाही वाटा निघतो, हे त्यांनी भेटायला आलेली माणसे पांगायच्या आतच बोलून दाखवले होते. वहिनींच्या अर्ध्याबद्दल मात्र त्यांनी शब्द काढला नव्हता. त्या अर्ध्यावरच सिस्टरांची सारी भिस्त होती. रुग्णालयातल्या परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्ती तोंडावर आली होती. पुढे हक्काचे छप्पर राहणार होते ते त्याच्याच बळावर.

अधिकारी बाई वयाने लहान आणि स्वभावाने सरळ होत्या. वयानुसार हात बदलतो, काकू, असे म्हणत त्यांनी नियमात बसत नसतानाही नमुन्याचे कार्ड सिस्टरांच्या बाजूला किंचित वळवले.

कार्डावर सिस्टरांचे नाव होते. प्रत्येक अक्षर एकाच कोनात झुकलेले, तळ एका रेषेत, शेवटच्या अक्षराला बारीक होत गेलेले शेपूट. ते अक्षर सिस्टरांचे नव्हते.

यजमान पंपाच्या कारखान्यात आरेखक होते, यंत्रांच्या भागांचे नकाशे काढत. खाते उघडले तेव्हा सिस्टरांच्या पाळ्या अशा लागत, की बँक उघडी असताना त्या रुग्णालयात असत किंवा घरी झोपलेल्या असत. झोपलेल्या माणसाला सहीसाठी उठवायचे नाही, असा यजमानांचा नियम. त्यांनी कागद घरी आणले, दोन्ही सह्या स्वतःच केल्या आणि परत नेऊन दिले. पुढे तीच पद्धत पडली. धनादेश, कर्जाचे कागद, घराचा करार, सगळीकडे सिस्टरांची सही त्यांच्याच हातची. सिस्टरांना त्यात कधी काही वावगे वाटले नाही. उलट, माझ्यापेक्षा माझी सही तुम्हालाच बरी जमते, असे त्या चेष्टेने म्हणत आणि कूस बदलून झोपून जात.

सिस्टरांनी पेन उचलले. ती वळणे त्यांनी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षे पाहिली होती. पहिले अक्षर उतरले, दुसरेही बऱ्यापैकी उतरले.

"वहिनी, स्वतःची सही बघून बघून करताय होय?" दीर हसत म्हणाले. "एवढी तर मी शाळेतही कॉपी केली नाही."

पेन थांबले.

वॉर्डमध्ये सिस्टरांचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्या परिचारिकेने इंजेक्शन दिले असेल, तक्त्यावर सहीही तिनेच करायची. मैत्रिणीसाठी म्हणून कोणी केली, तर सिस्टर तिला सगळ्यांसमोर फैलावर घेत. त्यामुळे कित्येक जणी त्यांच्यावर डूख धरून होत्या. आता तेच बोलणे आपल्याला आतून कोणीतरी ऐकवत आहे, असे त्यांना वाटले. सही पुरी करणे काही अवघड नव्हते. शेपूट तेवढे राहिले होते.

त्यांनी अर्ज उलटा करून ठेवला.

"कार्डावरची सही माझी नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी केलीय. सगळीकडे ह्यांनीच केलीय."

बाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. दीर खुर्चीत पुढे सरकले.

"कर्जाच्या कागदांवर?"

"हो."

"घराच्या करारावरसुद्धा?"

"त्यावरसुद्धा, भाऊजी."

दिरांच्या मनात काय चालले आहे ते स्पष्ट दिसत होते. वहिनींनी करारावर सहीच केलेली नाही. मग त्यांचा अर्धा भाग तरी कशाच्या जोरावर? घर एकट्या दादाचे, असे म्हणायला वाट मोकळी झाली होती आणि ती वहिनींनी स्वतःच करून दिली होती.

बाईंनी बराच विचार करून दोन शक्यता सांगितल्या. कुणी हरकत घेतली, तर प्रकरण मुख्य कार्यालयात जाईल आणि निकाल लागेपर्यंत कागद तिजोरीतच राहतील. हरकत नसेल, तर सिस्टरांनी नव्याने नमुन्याची सही द्यावी. कागदांवरच्या जुन्या सह्या आपल्याला मान्य आहेत, असे लिहून द्यावे. आणि या शाखेत खाते असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने साक्षीदार म्हणून खाली सही करावी. हे सांगताना त्यांनी दिरांकडे पाहिले नाही, पण सांगितले ते त्यांनाच.

दीर उठले आणि दाराजवळच्या माठापाशी गेले. पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातात घेऊन ते पाठमोरे उभे राहिले. सिस्टरांनी त्यांना हाक मारली नाही. रुग्णाचा नातेवाईक संमती द्यायची की नाही या विचारात असतो, तेव्हा त्याला घाई करायची नसते, हे त्यांना माहीत होते.

दीर परत आले ते बसले नाहीत.

"सातवीत मी गणितात आपटलो," ते अधिकारी बाईंना म्हणाले. "प्रगतिपुस्तकावर बाबांची सही दादानंच ठोकली. बाबांना सापडलं. बघत राहिले आणि म्हणाले, मी केली असती तर इतकी चांगली आली नसती. मार मात्र दोघांनी खाल्ला." त्यांनी टेबलावरचे पेन उचलले. "कुठं करू सही?"

सिस्टरांनी मान्यतेचा मजकूर लिहून दिला, दिरांनी त्याखाली सही केली आणि पेनाचे टोपण घट्ट लावले.

"पण वहिनी, बाबांच्या पैशांचं मी सोडलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो."

"सोडूच नका. घरी या, बसून बोलू."

"येईन," असे म्हणून ते दुकानाकडे निघून गेले.

नव्या कार्डावर सिस्टरांनी सही केली. वॉर्डमधल्या घाईत घडलेली, पहिल्या अक्षरानंतर नुसतीच पळत सुटलेली एक वाकडीतिकडी रेघ. बाईंनी ती पाहून मान डोलावली, जुने कार्ड पुढे ओढले आणि लाल पेन उघडले.

हे कार्ड मला मिळेल का, असे सिस्टरांनी विचारले. ते रद्द करून फाइलमध्येच ठेवावे लागते, असे बाई म्हणाल्या. सिस्टरांनी पुढे वाकून आपले नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचले. संसारात यजमानांनी त्यांना त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. 'अगं'वरच सगळे भागत असे.

लाल पेन कागदावर टेकले.

"पट्टी लावून ओढाल का?" सिस्टर म्हणाल्या. "हातानं ओढलेली रेघ त्यांना चालत नसे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग खण उघडून पट्टी काढली आणि नावावर आडवी धरली. पट्टी हलू नये म्हणून तिचे दुसरे टोक सिस्टरांनी बोटाने दाबून धरले.