सोळा वर्षांचे पाहुणे

दयारामभाऊंना कारखान्याचे क्वार्टर होते आणि दुर्गला स्वतःचे घरही होते. एक माणूस दोन घरांत झोपणार कसा? म्हणून क्वार्टरमध्ये हिरालालचे कुटुंब भाड्याने राहायचे, तेही सोळा वर्षे. पाटी मात्र दयारामची, कारण क्वार्टर दुसऱ्याला देणे नियमात बसत नव्हते. तपासणीचे साहेब आले की हिरालालची बायको नलू पोराला पुढे करायची आणि पीयूष पाढा म्हणावा तसा म्हणायचा, "हम तो मेहमान हैं, अंकल. कल चले जाएँगे." साहेब हसून निघून जायचे. एकदा एक नवा साहेब आला, त्याने लेखी मागितले. हिरालालने लिहिले, नलूने खाली सही केली.

आता हिरालाल राहिला नव्हता. नलू खुर्सीपारला एका खोलीत आणि पीयूष कॅनडात. तिथे कायमचे राहायचे तर इथल्या पोलिसांचा दाखला हवा, आणि पासपोर्टवर पत्ता क्वार्टरचा. चौकशीच्या दिवशी नलू सकाळीच तिथे जाऊन बसली. रिटायरमेंट जवळ आली, कागदांत खोट निघायला नको म्हणून दयारामभाऊ बायकोसह आता क्वार्टरमध्येच राहत होते.

"भाऊजी, निस्तं हो म्हणा. पासपोर्टच्या टायमाले म्हटलं होतं ना तुमी, माहा भाचा हाय म्हणून?"

"तवा नौकरी सात वर्षं बाकी होती. आता चार महिने हायेत. क्वार्टर दुसऱ्याले देल्लं होतं असं कोणी लिहिलं, त माहे कागद अडकतीन. तू सोडवशीन काय?"

तेवढ्यात हवालदार धर्मेंद्र आला. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारले, "पीयूष यहाँ रहता था?"

"आते-जाते थे, साहब," दयारामभाऊ म्हणाले. "मेहमान थे."

"सोला साल!" नलू उठलीच. "सोला साल रहे हम! इसी मोरी पे बर्तन माँजे मैंने!"

दयारामभाऊ चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची फाईल आणली आणि एक झेरॉक्स काढून हवालदारापुढे ठेवली. आयुष्यात त्यांनी कागद म्हणून कधी फेकला नव्हता. हवालदाराने मोठ्याने वाचले, "हम गोंदिया के निवासी हैं. आठ दिन के लिए आए हैं." मग बोट ठेवले. "अम्मा, ये दस्तखत?"

पीयूषच्या प्रगतिपत्रकावर नलू दर वर्षी करायची, तीच सही.

"मेरे ही हैं."

"तो झूठ तब बोला था, कि अब बोल रही हो?"

हवालदाराने अर्ध्या मिनिटात ओळ लिहून टाकली: उक्त व्यक्ति इस पते पर नहीं रहा.

तो गेला. नलूच्या पिशवीत फोन वाजू लागला. पीयूषचाच असणार, तिकडे रात्र होती आणि पोरगा जागाच होता. ती पिशवी मांडीवर दाबून दाराकडे निघाली, तर दयारामभाऊंची बायको कलावती चहा घेऊन आडवी आली.

"असं कावून वहिनी? बसा. पाहुण्याले बिगर चहाचं जाऊ देत असतेत काय?"

कपबशी नलूचीच होती. क्वार्टर सोडताना मागे राहिलेली.