मी, एकशे पासष्ट मिलिमीटरचा टायर

मी एक टायर आहे, आणि अरुंद आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती मालकाच्या मुलाला, कैफला.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा अंगावर खोल खाचा होत्या आणि कुशीवर रुंदीचा आकडा: एकशे पासष्ट. आम्ही चार भाऊ रत्नागिरीच्या एका दुकानात आलो आणि तिथून मुसाचाचांच्या छोट्या पांढऱ्या गाडीला लागलो.

मुसाचाचांनी उभी हयात जहाजाच्या इंजिनात काढली होती. उत्तरेकडच्या बंदरांत त्यांनी पाहिलं होतं, तिथले लोक बर्फ पडायच्या आधी गाडीची चाकं बदलतात. ते म्हणत, "आपल्याकडं बर्फ नाय, पण चार महिने पाऊस आहे ना! उन्हाळ्यात काय लावायचा तो लाव. पावसात पाणी कापणारा टायर पायजे."

कैफ हा त्यांचा मुलगा, दोह्याला नोकरीला. त्याने उन्हाळ्यासाठी दोनशे पाच रुंदीचे टायर आणले, चकचकीत रिमांसकट. काय ते फुगलेले ठोंबे! पावसाळी पाणी बाजूला सारायला खाचा लागतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाण्यात घुसून रस्ता धरतो, एवढी साधी गोष्ट. पण आरशासमोर गाडी उभी करता येत नाही म्हणून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत बघणारी माणसं असतात, त्यांना ती कोण समजावणार?

पहिलं वर्ष नीट गेलं. मे संपताना चाचांनी आम्हाला चढवलं, दिवाळीला उतरवलं. दुसऱ्या वर्षी मे संपतानाच कैफ सुट्टीवर आला. चिपळूणला मित्राचं लग्न होतं.

चाचांनी जॅक काढला तसा तो ओरडला, "अब्बा, आता नको! सायकलची चाकं लावून लग्नाला जाऊ काय? लोक हसतील."

"लोक हसले तर हसू दे. गाडी घसरली तर?"

"पंधरा दिवसांनी मीच बदलतो."

पंधरा दिवसांनी तो विमानात होता. मुलाचा शब्द राखायचा म्हणून चाचांनीही जॅक पुन्हा काढला नाही. माझे तीन भाऊ पडवीत सरपणाच्या बाजूला पडले. मला मात्र डिकीत जागा मिळाली, कारण कैफचा लाडका रुंद टायर स्टेपनीच्या खळग्यात मावलाच नाही. दिसण्यासाठी घेतलेल्या वस्तूचं हेच होतं. अडचणीच्या वेळी ती मावत नाही.

गाडी चालवायची महरीन, कैफची बायको. ती लांज्याला शाळेत गणित शिकवायची, रोज जाऊन-येऊन. टायर कधी बदलायचे, असं तिने फोनवर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं: "येतोय गो पुढल्या महिन्यात, मी करतो." परदेशातून चाक बदलायला निघालेला असा शूर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जुलैच्या एका सकाळी मुसाचाचा तिच्याबरोबर निघाले. लांज्याला त्यांची बहीण ताजबी आजारी होती. डिकीतून मला फक्त ऐकू येत होतं. पावसाचा मारा चालू होता आणि चाचा सारखे सांगत होते, "हळू, महरीन, हळू." ती हळूच चालवत होती. पालीच्या पुढे वळणावर पाणी साचलं होतं. गाडी त्यावर गेली आणि रस्त्याचा आवाजच बंद झाला. ते ठोंबे पाण्यावर तरंगले.

"अब्बा, स्टिअरिंग ऐकत नाय!"

मग धडक. गाडी जांभ्याच्या दरडीवर आदळली होती. पुढच्या डाव्या चाकाची रिम वाकली होती आणि चाचांचा उजवा हात मनगटाजवळ मोडला होता. महरीनला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मला चाक बदलता येत नाय, अब्बा."

"मला येतं. हात नाय. तू हात दे, मी सांगतो."

तिने मला डिकीतून ओढून काढलं. पदर कमरेला खोचला. नट हलेना, तेव्हा चाचांच्या सांगण्यावरून ती पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. कर्रर्र करून नट सुटला. मला बसवल्यावर तिने नट समोरासमोरचे आवळले, एक हा, मग पलीकडचा, अगदी सांगितल्याप्रमाणे. चाचांच्या तोंडावर वेदना होती, पण ते म्हणाले, "इंजिनात असतीस तर बढती दिली असती तुला."

त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. अपघाताचं कळल्यावर संध्याकाळी कैफचा फोन आला.

"गाडीला जास्त लागला काय गो?"

महरीन म्हणाली, "गाडी बरी आहे. अब्बांचा हात मोडलाय. तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने माझे तिन्ही भाऊ एकटीने चढवले. चाचा गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकदाही सूचना केली नाही.

नोव्हेंबरात कैफ आला. अंगणात शेजारी जमलेले. आमच्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "मीच सांगितला होता हे लावायला. पावसात असलेच चांगले."

महरीनने आतून पाना आणला आणि त्याच्या हातात दिला. "आता पाऊस संपला. उतरवा."

त्याने नटाला पाना लावला आणि जोर लावून उलट्या बाजूला फिरवला, म्हणजे आणखी आवळला. पुन्हा तसाच. शेजारी हसू दाबत होते. शेवटी महरीननेच पाना काढून घेतला. चाचांनी आपला वाकडा बसलेला हात मांडीवर ठेवला आणि मुलाकडे बघायचंही टाळलं.

त्यानंतर मी आणखी तीन पावसाळे पळालो. आता खाचा झिजून गेल्यात. काल महरीनने अंगठा घालून पाहिलं, मान हलवली आणि आम्हाला दुकानात आणलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, थोडे रुंद घ्या, लूक येईल."

"एकशे पासष्ट," ती म्हणाली. "लूक घरी एक आहे, तो पुरे."

मी दुकानामागे भंगाराच्या ढिगावर पडलोय. मला कुणाकडून काही नको. तुमच्या चाकाच्या खाचेत एकदा अंगठा घालून बघा, एवढंच. ते जमणार नसेल तर निदान म्हाताऱ्या बापाला शेजारी बसवू नका.