मी कलावतीची फणस कापायची सुरी

मी सुरी बोलतेय. हसू नका हो, माझं नाक बोथट आहे म्हणून! या नाकानेच तर मला पाण्याखालचं जग दाखवलं.

कल्याणच्या पारनाक्याजवळ मारुती लोहाराच्या भात्यापुढे माझा जन्म झाला. सुताराने टाकून दिलेल्या करवतीच्या पात्यातून त्याने मला घडवलं. एका कडेला करवतीचे दात तसेच ठेवले, दुसऱ्या कडेला धार काढली. टोकाशी पातं आधीच तुटलेलं होतं, तिथे त्याने नुसतं घासून गोल केलं. मूठ बसवली फणसाच्या लाकडाची.

रेतीबंदरावर राहणाऱ्या कलावतीने मला फणस कापायला घेतलं. मोठी देवभोळी बाई. सोमवार, श्रावणातले शुक्रवार, सगळं मनापासून करायची. माझ्यावर चीक बसला की खोबरेल तेल लावून पुसायची आणि म्हणायची, "बस गं बाय आता." सुरीशी अशी बोलणारी माणसं कमीच!

तिचा नवरा धाकू खाडीत बुडी मारून बादलीने रेती काढायचा. छातीत मावेल तेवढ्या हवेवर सगळा कारभार. सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात रेतीची एक मोठी होडी खाडीत बुडाली आणि वाट अडवून बसली. ती वर काढायचं काम ठाण्याच्या हरिहर इंजिनिअरांकडे आलं. त्यांनी मुंबईहून एक नवलाची वस्तू आणली. पाठीवर बांधायची हवेची टाकी! तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली खुशाल श्वास घ्यायचा. धाकू दहा दिवस टाकी लावून काठाजवळच्या पाण्यात शिकत होता.

एके दिवशी हरिहर अंगणात येऊन म्हणाले, "धाकू, सुरीशिवाय तुला खाली सोडणार नाही. खाली दोर असतात, फाटकी जाळी असतात. तुझ्याकडे काय आहे ते दाखव."

धाकूने ऐटीत खंजीर काढला. ठाण्याच्या बाजारातून आणलेला, टोकदार, आरशासारखा चकचकीत.

"साहेब, यानं मगर पन मरंल!"

"खाडीत मगर आहे का रे?"

"नाय."

"मग? पाण्यात मारायचं काही नसतं, सोडवायचं असतं."

त्यांनी पाण्याच्या पिंपात जाड भिजका दोर सोडला. धाकूने डोळे मिटायचे, दोन्ही हात पिंपात घालायचे आणि एका हाताने दोर धरून कापायचा. खंजीर ओल्या दोरावरून सटकला आणि टोक दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागलं. मग कोयता आणला, तर तो पिंपात फिरेचना!

कलावती दारातूनच म्हणाली, "अवो, माजी फणसाची बगा की."

"आता खाडीत फणस कापू काय?" धाकू म्हणाला. सगळे खो खो हसले. मला तर वाटलं, पिंपाखाली तोंड लपवावं.

पण हरिहर हसले नाहीत. त्यांनी माझे दात चाचपले, गोल नाकावर बोट टेकवलं. "घाल पिंपात."

काय सांगू! माझे दात दोरात रुतले. खर्र, खर्र, खर्र, आणि दोराचे दोन तुकडे तरंगत वर आले!

"हीच," हरिहर म्हणाले. "दात दोर सोडत नाहीत. आणि टोक नाही, म्हणजे आंधळ्या पाण्यात अंगात किंवा नळीत शिरायची नाही."

लगेच मला चामड्याचं म्यान शिवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ते धाकूच्या डाव्या पोटरीला, आतल्या बाजूने बांधायचं ठरलं, म्हणजे बाहेरच्या दोरात अडकायला नको. मुठीला मनगटात घालायचा फासा लावला. मी तर नवरीसारखी सजले!

आणि नेमका कामाचा दिवस आला तो नागपंचमीचा.

त्या दिवशी घरात चिरत नाहीत, कापत नाहीत. विळी झाकलेली होती. धाकूची आई रखमाबाई हिने मलाही म्यानातून काढून विळीशेजारी फडक्याखाली ठेवलं.

"आज धार भायेर नाय जायाची," ती म्हणाली.

"आये, टाकी उद्या मुंबईला परत जाते. काम आजच हाय."

"मंग जा की. सुरी कशाला? नुसती होडीला साखळी तर बांधायची हाय."

धाकूने बायकोकडे पाहिलं. पण कलावती सासूच्या शब्दाबाहेर नव्हती. तो रिकामं म्यान बांधून गेला. मी फडक्याखाली तडफडत होते हो! भरती संपून पाणी थबकतं, तेवढ्या वेळातच तो उतरणार होता.

कलावती पाटावरच्या नागाला दूध-लाह्या वाहायला बसली. हात जोडले आणि तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "आई, आज आपण का कापत नाय?"

"मातीतल्या नागाच्या पिलाला लागंल म्हून. जीव जाऊ नाय कुनाचा."

"मंग पान्यातल्या आपल्या पिलाचं काय?"

रखमाबाईने वाटीतल्या दुधात बोट बुडवलं, फडकं उचललं आणि ते बोट माझ्या पात्यावर ओढलं. "पळ," म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस!"

कलावती पंचमीचं लुगडं सावरत बंदरावर धावली. धाकूच्या डोळ्यांवर काच चढलीच होती. तिने वाकून मला म्यानात सरकवलं.

खाली काळाकुट्ट गाळ! धाकूने हाताने चाचपत होडीला साखळी अडकवली. वळला आणि मागून कुणीतरी धरलं. फाटकं जाळं टाकीच्या तोटीत गुंतलं होतं, अगदी मानेमागे. तो ओढायला लागला तसा गुंता आवळत गेला. त्याचा श्वास जोरजोरात चालू झाला. आणि मग त्याचा हात पोटरीकडे आला.

मी आले! मानेमागे, न दिसता, रबरी नळीला घासत मी जाळ्यात शिरले. एक धागा तुटला. दुसरा. माझं बोथट नाक नळीवर आपटलं आणि नुसतं घसरलं. खर्र, खर्र, आणि जाळं सुटलं!

आम्ही वर आलो तेव्हा कलावती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"काय कापलंत?" तिने विचारलं.

धाकू धापा टाकत म्हणाला, "जाळं. नुसतं जाळं." मग माझ्याकडे बघत राहिला.

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

आता मी धाकूच्या कामाचीच झालेय. खाडीतून आलं की गोडं पाणी, मग तेल. दात थोडे झिजलेत, पण अजून पकडतात. फणसाला घरात दुसरी सुरी आलीय, चांगली टोकदार. येऊ दे बाई.

तुमच्या घरचं कुणी पाण्यात उतरत असेल, तर माझं एक ऐका. सुरी घेताना चकाकी बघू नका, ओला दोर कापून बघा. आणि दिवस कुठलाही असो, ती आपल्या हाताने त्याच्या पायाला बांधा. मग खुशाल देवापुढे बसा. देव ऐकतो.